भुऱ्याच्या शहाऐंशी कांड्या

रेणुकाबाई खंडारेनं एक मेलेला रेडा टाकीत घालून ठेवलाय आणि तो मेल्यावरही पोरं काढतो, अशी बातमी खामगावात आमच्या गल्लीत बरेच दिवस हिंडत होती. कोणी आणली ते विचारण्यात अर्थ नाही. सगळ्यांनी थोडी थोडी आणली. एकीनं म्हणे त्याची शिंगं पाहिली होती. दुसरीनं टाकीला कान लावला तर आतून श्वास ऐकू आला होता. चक्कीवर दळण घेऊन जाणाऱ्या बायका रेणुकाबाईच्या नवऱ्याला, महादेवरावांना, मुद्दाम विचारायच्या, "भाऊजी, रेडा बरा आहे ना?" महादेवराव पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणायचे, "बरा हाय. तुमची लय आठवन काढते."

आता खरं काय ते सांगून टाकू, नाहीतर कोणी उद्या टाकीला हार घालायला निघेल. रेडा मेला हे खरं. त्याचं नाव भुऱ्या. पूर्णाकाठच्या गुलजारभाईंच्या गोठ्यात तो वाढला, तिथेच त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तिथेच नदीच्या बाजूला त्याला पुरलं. टाकीत तो नाही. टाकीत आहेत त्याच्या कांड्या. पेनातल्या रिफिलीएवढ्या जाड, वीतभरही नाहीत अशा प्लास्टिकच्या बारीक नळ्या, आणि त्यात गोठवलेलं त्याचं रेत. हा शब्द आला की आमच्या गल्लीत निम्म्या बायका पदर तोंडाला लावतात आणि निम्म्या जवळ सरकतात. पोरं काढतो हेही खोटं नाही. मेल्यानंतरच्या साली भुऱ्याची अकरा वगारं-हेले जन्माला आले, सगळे त्याच्यासारखे भुरके.

या कांड्या उरल्या होत्या शहाऐंशी. पूर्णाथडी जातीच्या म्हशी तशा अजून आहेत, पण हेले, म्हणजे नर पारडी, लोकांनी लहानपणीच विकून टाकले होते आणि भुऱ्याच्या घराण्यातला दुसरा रेडा नव्हता. गुलजारभाईंच्या पोरानं बापाच्या माघारी गोठाच मोडला. म्हणजे त्या शहाऐंशी कांड्या संपल्या किंवा बिघडल्या की भुऱ्याचं घराणं तिथेच थांबणार. आणि त्या सांभाळायच्या कोणी, तर रेणुकाबाईनं.

ही बाई आधी महिषपालक संघात दुधाचे कॅन धुवायची. संघाच्या रेतभांडाराचा जुना परिचर निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी जायला एकही गडी तयार होईना. त्या खोलीतला वायू छातीत गेला की माणूस उभ्या उभ्या गोठतो, असं कोणीतरी पसरवलं होतं. रेणुकाबाई म्हणाली, "म्या जातो. कॅन धुऊन धुऊन हात तसेबी गोठलेच हाय." त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत ती गोठली नाही, उलट जरा सुटलीच. फक्त पोरीचं, अपेक्षाचं, लग्न जमवताना पाहुण्यांनी विचारलं, मुलीची आई काय करते, तेव्हा महादेवरावांनी घसा साफ करून सांगितलं, "कोल्ड स्टोरेजमध्ये हाय." पाहुण्यांना वाटलं बटाट्याच्या. लग्न झालं. मग जावयाला कळलं, पण तोवर उशीर झाला होता आणि जावई चांगला निघाला.

तिचं काम पाहायला सोपं. सकाळी आठला भांडार उघडायचं. आधी दोन्ही खिडक्या, मग पंखा. नायट्रोजन विषारी नसतो, पण बंद खोलीत साचला तर तो हवेची जागा घेतो आणि माणसाला श्वासाला काही उरत नाही. हे तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि ती ते एकही दिवस विसरली नाही. मग टाकी. कमरेएवढी स्टीलची टाकी, आत पाण्यासारखा दिसणारा द्रव नायट्रोजन, इतका थंड की त्यात गुलाबाचं फूल बुडवून काढलं तर पापडासारखं मोडतं. त्यात लांब दांड्याचे डबे लोंबकळलेले आणि डब्यांत कांड्यांचे दोन मजले. खालच्या मजल्यावर मुऱ्हा जातीचे रेडे. वरच्या मजल्यावर भुऱ्या, कारण तो शेवटी आला.

हा द्रव रोज उडतो. म्हणून त्याचं माप घ्यायचं. मापाला एक काळी पट्टी. ती सरळ तळापर्यंत सोडायची, मनात दहा आकडे मोजायचे, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायची. जिथवर द्रव असेल तिथवर पट्टीवर पांढरं दंव धरतं. ते सेंटिमीटरमध्ये वाचायचं आणि रजिस्टरला लिहायचं. अठ्ठावीसच्या खाली गेलं की वरचा मजला उघडा पडला असं समजायचं. चाळीसवर टाकी भरली. भरण्यासाठी शेजारी चाकांवरचा मोठा कंटेनर, त्याला नळी, नळीला कॉक. बारा वर्षांत तिनं तीसच्या खाली कधी लिहिलं नव्हतं. कामाबद्दल तिला कोणी काही विचारायचं नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही.

मग संघाचे नवे पशुवैद्य, डॉक्टर हर्षल आले. पोरगेलेसे, हुशार, पुण्याकडे शिकलेले, बोलायला गोड. आल्यावर सहा महिन्यांत त्यांनी भांडाराला रंग दिला, डब्यांना नंबर दिले आणि पट्टीकडे पाहून कपाळाला हात लावला.

"रेणुकाताई, दोन हजार पंचवीस साल आहे. आपण अजून काठी बुडवून बघतोय?"

"काठी नाही सर, पट्टी हाय."

"तेच ते. रविवारी कोण बघतं?"

"म्या येतो नं रविवारी."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

हा प्रश्न खरा होता. मागच्या दिवाळीत तिला डेंग्यू झाला होता तेव्हा महादेवराव चक्की बंद करून पट्टी बुडवायला गेले होते आणि दंव पाहायच्या आधीच पट्टी सदऱ्याला पुसून बसले होते.

तर यंत्र आलं. खोक्यात एक पेटी, भिंतीवर लावायची, तिच्यावर आकडे दिसणारी पाटी, एक हिरवा दिवा, एक लाल, एक भोंगा. एक लांब स्टीलची सळई, खरं म्हणजे नळीत नळी, दोन्हींच्या मध्ये केसभर फट आणि बाजूला ओळीनं छोटी छोटी भोकं. ही सळई टाकीत उभी टांगायची. भोकांतून द्रव फटीत शिरतो, जेवढा शिरेल तेवढा आकडा पेटी दाखवते. आकडा तीसवर उतरला की पेटी विजेवरचा कॉक उघडते, चाळीसवर चढला की बंद करते. पंचवीसच्या खाली गेला, किंवा चाळीसवर कोणी हातानं भरायला गेलं, की बोंबलते. माणसानं फक्त शेजारचा कंटेनर रिकामा होऊ द्यायचा नाही.

ते बसवायला कंपनीचा इंजिनियर येणार होता. तो सोमवारी येणार होता, मग गुरुवारी, मग पुढच्या सोमवारी. शेवटी डॉक्टरांनी फहीमला बोलावलं. फहीम आमच्याच भागातला, फ्रीज आणि मोटारी दुरुस्त करणारा. हाताला यश असलेला माणूस. फक्त काम करताना यंत्राशी बोलतो आणि यंत्रानं ऐकलं नाही तर त्याच्या घरच्यांची चौकशी करतो. त्यानं दोन दिवस पुस्तक वाचलं, कंपनीवाल्याला चार वेळा फोन लावला, भिंतीला भोकं पाडली, पेटी टांगली, नळीच्या मध्ये कॉक बसवला आणि सळई स्टुलावर स्वच्छ कपड्यावर आडवी ठेवली.

"बस ताई, अब ये अंदर, और आपली सुट्टी."

"थांबा फहीमभाऊ," रेणुकाबाई म्हणाली.

नवं यंत्र, आणि तेही भुऱ्याच्या टाकीत उतरणार. ती घरून ताट घेऊनच आली होती. हळद, कुंकू, अक्षता, एक नारळ. तिनं पेटीला बोट लावलं, कॉकला लावलं, कंटेनरला लावलं. मग सळईला. सळई लांब म्हणून एका बोटानं तिचं भागेना, तिनं पाण्यात कालवलेल्या हळदीकुंकवाची पाचही बोटं वरून खालपर्यंत ओढली, नवरीच्या हाताला हळद लावतात तशी. डॉक्टरांनी फोटो काढला आणि जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकला. फहीमनं नारळ फोडला, खोबरं तोंडात टाकलं, सळई कपड्यानं वरवर पुसली आणि टाकीत सोडली.

टाकी त्या दिवशी सकाळीच काठाला भरली होती. पट्टीनं चाळीस. पेटीवर आकडा उमटला: चाळीस. हिरवा दिवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी पट्टी उचलली, आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

"आता माप घ्यायला ढक्कन उघडायचं नाही, ताई. प्रत्येक वेळी गारवा वाया जातो. कांड्या काढायला उघडाल तेवढंच. पेटीवरचा आकडा लिहायचा."

रेणुकाबाईनं आकडा लिहिला. चाळीस. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी चाळीस. आठवडा झाला, चाळीस. डॉक्टर खूश. "बघा, एक सेंटिमीटर हलू देत नाही!"

गल्लीत रेणुकाबाईची थट्टा सुरू झाली. काम गेलं म्हणून. पाण्याच्या टाकीवर, भाजीच्या गाडीवर, जो तो विचारी, "काय रेणुकाबाई, मशीन तुमच्यापेक्षा बरी मोजते म्हनतेत?" ती म्हणायची, "बरी मोजते. माह्याहून गोरीबी हाय."

पण दुसऱ्या आठवड्यात ती थट्टेला उत्तरं देईनाशी झाली, आणि हे आमच्या गल्लीत आजारापेक्षा गंभीर लक्षण समजतात.

झालं होतं असं. पेटी द्रव भरते तेव्हा कॉक टक्‌ करून उघडतो आणि नळीवर पांढरं दंव फुटतं, हे फहीमनं बसवताना थोडा द्रव सोडून दाखवलं होतं. दहा दिवसांत तो टक्‌ रेणुकाबाईनं एकदाही ऐकला नव्हता. नळीवर दंव एकदाही दिसलं नव्हतं. शेजारचा कंटेनर ती रोज झाडताना कमरेनं ढकलायची. तो होता तेवढाच जड होता. रोज दीड सेंटिमीटर उडणारा द्रव उडायचा थांबला कसा, हे तिला कळेना. आणि दहाव्या दिवशी नांदुऱ्याच्या कृत्रिम रेतन करणाऱ्या कार्यकर्त्याला मुऱ्हाच्या कांड्या द्यायला तिनं डबा वर ओढला, तर वरच्या मजल्यावरून एरवी टपटप गळणारा द्रव गळलाच नाही. डबा कोरडा वर आला. तिनं तो झटकन खाली सोडला. पेटीवर आकडा होता सदतीस.

त्या संध्याकाळी ती चक्कीच्या ओट्यावर बसली आणि महादेवरावांना म्हणाली, "पट्टीवानी काही पाह्यजे. हातभर लांब."

महादेवरावांनी घरातून चुलीची फुंकणी आणली.

"पोकय चालत नाही. नायट्रोजन खालून शिरते अन् वरून तोंडावर उडते."

"मंग बेलनं?"

"तुमच्यासारखं बुटकं हाय ते."

शेवटी परसातल्या तुराट्यांच्या गंजीतून तिनं एक तुराटी निवडली. तुरीचं वाळलेलं झाड, सरळ, भरीव, काळपट. तिच्यावर शाळेच्या फुटपट्टीवरून बॉलपेननं खुणा केल्या. सकाळी ऑटोत ती तुराटी उभी धरून निघाली तेव्हा ऑटोवाल्यानं विचारलं, "मावशी, कोनाले हानाले चालल्या?"

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

आठला तिनं खिडक्या उघडल्या, पंखा लावला, ढक्कन काढलं, तुराटी सोडली, दहा मोजले, बाहेर काढून हलवली. दंव चोविसावर थांबलं. पुन्हा सोडली. चोवीस. पेटीवर छत्तीस, हिरवा दिवा.

भुऱ्याचा मजला दोन-तीन दिवसांपासून उघडा होता. ढक्कन बंद असेपर्यंत वरचा गार वायूही कांड्या टिकवतो, पण किती दिवस, हे रजिस्टरात कुठे लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टर बैठकीला बुलढाण्याला गेले होते. तिनं फोन लावला.

"सर, टाकी चोविसावर हाय."

"पेटी काय दाखवते?"

"छत्तीस."

"मग छत्तीस आहे. तुम्ही कशानं मोजलं?"

रेणुकाबाईनं क्षणभर विचार केला आणि खरं सांगितलं. "तुराटीनं."

डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "रेणुकाताई, ते कंपनीचं उपकरण आहे. आणि तुम्ही त्यात तुराटी घातली."

"पट्टी तुमच्या कपाटात हाय नं."

"इंजिनियर सोमवारी येतोय. तोवर कशालाही हात लावायचा नाही. आणि ढक्कन उघडल्याचा मेमो मला काढावा लागेल, सॉरी."

सोमवारला चार दिवस होते. चार दिवसांत चोविसाचे अठरा होणार. तिनं फोन ठेवला, रजिस्टर उघडलं, पेटीचा आकडा लिहिला छत्तीस, शेजारी तुराटीचा लिहिला चोवीस, दोन्हीखाली सही केली आणि फहीमला फोन केला. तो दहा मिनिटांत स्कूटरवर आला, कारण ती कधी कोणाला "लवकर या" म्हणत नसे आणि या वेळी म्हणाली होती.

"हातानं भराची हाय. चाळीसपर्यंत."

फहीमनं पेटीवरचं हातानं भरायचं बटण दाबलं. कॉक टक्‌ करून उघडला, नळी पांढरी झाली, द्रव शिरला. पेटीवर आकडा चढला, सदतीस, अडतीस, चाळीस. कॉक बंद. लाल दिवा. भोंगा. टाकी भरली म्हणून ओरड. रेणुकाबाईनं तुराटी सोडली. अठ्ठावीस.

"अजून बारा पाह्यजे."

फहीमनं पुन्हा बटण दाबलं. पेटीनं पुन्हा कॉक बंद केला. त्यानं पेटीचा प्लग काढला, तर कॉक विजेशिवाय उघडेना, आणि भोंगा आतल्या बॅटरीवर चालूच. समोरच्या टपरीवरची माणसं चहाचे पेले घेऊन दाराशी आली. कोणी विचारलं, आग लागली का. दुसरा म्हणाला, नाही बे, आत बर्फ हाय.

"ताई, ये तो बोंबलून राह्यलं. वायर तोडू का?"

"बोंबलू द्या. नळी सोडवा."

फहीमनं कॉक बाजूला केला आणि कंटेनरची नळी थेट टाकीच्या तोंडात दिली. रेणुकाबाईनं कातड्याचे हातमोजे चढवले, तोंडासमोर काच धरली आणि कंटेनरचा हाताचा कॉक हळूहळू फिरवला. पांढरा धूर टाकीच्या कडेवरून फरशीवर उतरला, दारातल्या माणसांच्या पायांत शिरला. तिघं मागे सरकले. ती मध्ये मध्ये थांबून तुराटी बुडवत होती. तेहतीस. सदतीस. चाळीस. तिनं कॉक बंद केला, ढक्कन लावलं आणि तेव्हा पहिल्यांदा हातमोजे काढून कपाळ पुसलं. भोंगा अजून चालू होता.

डॉक्टर बैठक सोडून बोथ्याचा घाट उतरून दुपारी आले. कोणीतरी त्यांना भोंग्याचा व्हिडिओ पाठवला होता.

"मी सांगितलं होतं, हात लावायचा नाही."

"लावला," रेणुकाबाई म्हणाली. "रजिस्टरात लिहेल हाय."

फहीम मध्ये पडला. "डॉक्टरसाब, एक मिनिट. सळई बाहर निकालू का? हवेत टांगतो. हवेत पानी नाही, नायट्रोजन नाही. इसने झीरो बोलना चाहिए. झीरो बोलली तर मेमो मलाबी द्या."

डॉक्टरांना यातलं तर्कशास्त्र पटलं. ते तर्काचे माणूस होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. सळई बाहेर आली, ओसरीत खुंटीला टांगली, पेटीला पुन्हा वीज दिली. सळई आधी पांढरी, मग ओली, मग कोरडी होईपर्यंत टपरीवरून चहा आला आणि सगळ्यांनी तो प्यायला. ऊन सळईवर आलं. पेटीवर आकडा चढत गेला आणि थांबला.

चाळीस. हिरवा दिवा.

"माशाल्ला," फहीम म्हणाला. "डॉक्टरसाब, ओसरीबी भरली."

डॉक्टरांनी सळईला हात लावला. कोरडी. आकडा चाळीस. त्यांनी ती खुंटीवरून काढून जरा तिरपी केली, आणि खालच्या भोकातून एक थेंब फरशीवर पडला. मग दुसरा. लाल. कडेनं पिवळा.

फहीमनं थेंबाकडे पाहिलं, मग वर छताकडे. डॉक्टरांनी थेंबाकडे पाहिलं आणि त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला, ज्यात तो फोटो होता. कालवलेलं हळदीकुंकू भोकांतून आतल्या फटीत गेलं होतं. टाकीत उतरल्यावर ते तिथे गोठलं आणि पेटीला बारा सेंटिमीटर जास्त दिसू लागले. बाहेर उन्हात वितळलं तेव्हा तर तिला सगळंच भरलेलं दिसलं.

रेणुकाबाई खाली वाकली, थेंबात बोट बुडवलं, बोट नाकाशी नेलं.

"हे माह्यं हाय," ती म्हणाली.

सकाळपासून ती बरोबर होती, आणि त्याआधीचे अकरा दिवस जे बिघडलं होतं ते तिच्याच पाच बोटांनी. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी कळल्या. ती रडली नाही, हसलीही नाही. तिनं विचारलं, "कांड्या?"

आता खरा प्रश्न तोच होता. डॉक्टरांनी कोट घातला. एक कांडी काढून कोमट पाण्यात वितळवायची, थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, जिवंत किती ते. म्हणजे एक कांडी जाणार. रेणुकाबाईनं वरच्या मजल्यावरची, अगदी टोकाची कांडी निवडली, जिच्यावर सगळ्यात जास्त बेतलं असणार ती. डॉक्टर म्हणाले, मधली घेऊ. ती म्हणाली, "मधली कायले? ही वाचली तं सगळ्या वाचल्या."

डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले. फहीम दारात उभा. रेणुकाबाई टेबलाची कड धरून. भिंतीवरचं घड्याळ होतं, पण बंद होतं, म्हणून किती वेळ गेला ते कोणाला सांगता येत नाही. फहीम अर्धा तास म्हणतो, पण फहीमचा अर्धा तास कसा असतो ते त्याच्या गिऱ्हाइकांना विचारा.

"पळताहेत," डॉक्टर म्हणाले.

"किती?"

"शंभरात पंचावन्न."

"गोठवल्यावर अठ्ठावन्न होते."

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्हाला पाठ आहे?"

"रजिस्टरात हाय."

तिनं रजिस्टरात भुऱ्याच्या नावापुढे शहाऐंशी खोडून पंच्याऐंशी लिहिलं. मग न विचारता कपाटाकडे पाहिलं. डॉक्टरांनी किल्ली काढली, पट्टी बाहेर दिली आणि म्हणाले, "रोज एकदा. पेटीचा आणि पट्टीचा, दोन्ही आकडे लिहा." तिनं मान डोलावली. रजिस्टरात ते दोन रकाने तिनं सकाळीच आखले होते.

सळई फहीमनं घरी नेली. स्पिरिटनं धुतली, आतल्या फटीत फुंकर मारली, दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवली आणि वर मलिहाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, केस वाळवायचा ड्रायर चालवला. मलिहानं दोन दिवस तो ड्रायर हातात धरला नाही; रेड्याच्या कामाला वापरलेला म्हणे. सळई हवेत टांगली तर पेटीनं शून्य दाखवलं. टाकीत उतरवली तर पेटी आणि पट्टी दोघींनी एकच आकडा सांगितला. इंजिनियर सोमवारी आला नाही, बुधवारी आला, सगळं पाहून "चांगलं बसवलंय" म्हणाला आणि सही करून गेला. कॉक आता आठवड्याला टक्‌ करतो. या वेळी रेणुकाबाईनं कुंकू लावलं ते भिंतीला, पेटीपासून दोन वीत लांब, कोरडं.

प्रकरण मात्र संघाच्या अध्यक्षांकडे गेलं. अध्यक्ष भगवानराव, साठीतले, आवाज मोठा, मन तेवढं मोठं नाही आणि लहानही नाही. त्यांच्यापुढे दोन कागद होते. एक डॉक्टरांचा अहवाल: "उपकरणाच्या संवेदकात बाह्य पदार्थ गेल्याने चुकीची नोंद." बाह्य पदार्थ कोणता हे डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं, कारण जिल्ह्याच्या ग्रुपवरच्या त्या फोटोला चौऱ्याण्णव जणांनी अंगठा दिला होता. दुसरा कागद रेणुकाबाईचा, तिच्या अक्षरात, तीन ओळींचा: सळईला ओलं हळदीकुंकू मी लावलं. ढक्कन मी उघडलं. टाकी मी भरली.

भगवानरावांनी दोन्ही वाचले. चष्मा काढला. बाजूला डॉक्टर उभे, खिडकीशी फहीम, दारात महादेवराव, चक्की बंद करून आलेले, कारण बायकोला नोकरीवरून काढलं तर ऐकायला कोणीतरी हवं.

"म्हणजे बाई," भगवानराव म्हणाले, "बिघडवलं तुमीच, अन् वाचवलंबी तुमीच. आता म्या तुमाले मेमो देऊ का शाबासकी?"

रेणुकाबाई म्हणाली, "साहेब, जे द्याचं ते आज द्या. उद्या नायट्रोजनची गाडी येते, मले सही कराले टाइम नाही."